लुएलाबाईंची माती

लुएलाबाईंच्या उंबऱ्यावरची ती तांबडी रेघ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मुंग्यांची पावडर वाटली. सिंगापुरात तोआ पायोहच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि कॉरिडॉरमध्ये मुंग्यांची सतत ये-जा असायची. शेजारधर्म म्हणून मी बेल वाजवली आणि सांगितलं की पावडर कशाला, त्यापेक्षा जेल चांगलं, खालच्या दुकानात मिळतं. दार उघडलं होतं साठी ओलांडलेल्या, उंचपुऱ्या, काळ्या अमेरिकन बाईंनी. डोक्याला पिवळा रुमाल बांधलेला, हातात लाकडी डाव. त्यांनी माझं सगळं निरूपण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही मुंग्यांसाठी नाही, बेबी. माणसांसाठी आहे."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. पाण्याची शुद्धता मोजणाऱ्या लॅबमध्ये काम करत होते, हाताखाली सात माणसं होती, नावामागे डॉक्टर लागलेलं होतं. मला 'बेबी' म्हणण्याची हिंमत कुणी केली नव्हती. पण राग आला नाही. उलट घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की शेजार बरा दिसतोय.

ती पूड विटेची होती. बाई कुठून तरी जुनी लाल वीट पैदा करत, हातोडीनं फोडत आणि मग कुटत. ज्याच्या मनात वाकडं आहे त्याला ही रेघ ओलांडता येत नाही, असा तिचा अर्थ. कुटायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून महिन्यातून एकदा त्या माझा खलबत्ता न्यायच्या. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा शेंगदाण्याची चटणी खाताना नवरा म्हणाला, हिचा रंग आज फार छान आलाय. दुसऱ्या दिवशी मी बाईंना वेगळा खलबत्ता विकत आणून दिला.

लुएलाबाई हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. त्या संगीत शिकवायच्या, आणि आमच्याकडे शिकवणारी बाई ती बाईच. बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल शाळेत त्यांची नोकरी होती. बाकीचे परदेशी शिक्षक शाळेजवळच्या कॉन्डोंत राहायचे. या मात्र दोन बस बदलून तोआ पायोहला यायच्या. त्याचं कारण त्यांनी सांगितलं ते असं. सिंगापूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या इथल्या बाजारात आल्या आणि भाजीवालीकडे आल्याच्या जातीच्या एका मुळाचा ढीग पाहिला. इथे त्याला लेंग्कुआस म्हणतात, वाटणात घालतात. त्यांच्या मिसिसिपीत तेच मूळ लोक कोर्टात जाताना चघळतात, म्हणजे न्यायाधीशाचं मन वळतं. तिकडे ते चिमूटभर पाकिटात महागामोलाचं मिळायचं. इथे ढिगानं पाहून बाई भाजीवालीसमोर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि त्यांनी ठरवलं की राहायचं तर इथेच. शाळेत मुख्याध्यापकांबरोबर मीटिंग असली की सकाळी त्यांच्या गालात त्या मुळाची एक फोड असायची. कंत्राट चारदा वाढवून मिळालं होतं.

अशा वस्तूंनी त्यांचं घर भरलेलं होतं, पण मांडून ठेवलेलं काही नव्हतं. बाल्कनीत झाडाच्या फांदीला निळ्या बाटल्या उलट्या टांगलेल्या असत. वाईट काही भटकत आलं तर निळ्या रंगाला भुलून आत शिरतं आणि सकाळच्या उन्हात संपतं. बाईंच्या पायात दोऱ्यात ओवलेलं, भोक पाडलेलं चांदीचं छोटं नाणं. ते काळं पडलं तर समजायचं की कुणीतरी आपल्या वाईटावर आहे. मी त्यांना चांदी, घाम आणि गंधक यांचं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "गंधक तू बघ," त्या म्हणाल्या, "ते कुणी पाठवलं ते मी बघते."

या सगळ्याला बाहेरचे लोक हूडू म्हणतात. मी सिनेमात पाहिलेल्या टाचण्या टोचलेल्या बाहुल्यांबद्दल विचारलं तेव्हा त्या पहिल्यांदा थोड्या तुटक बोलल्या. हा धर्म नाही, धर्म त्यांचा ख्रिस्ती, रविवारी चर्च कधी चुकलं नाही. हे नुसतं 'काम'. त्यांची आजी एवढंच म्हणायची, काम करते. गुलामीत असलेल्या माणसांना स्वतःचं असं काहीच ठेवता येत नव्हतं. मग त्यांनी जे हाताशी होतं ते घेतलं. फुटकी वीट, गंजका खिळा, मूळ, मीठ, लाल फ्लॅनेलचा तुकडा. मालकाच्या नजरेत भरू नये आणि हिसकावून घ्यावंसं वाटू नये अशाच वस्तू. लाल म्हणजे रक्त, रक्त म्हणजे जीव. खिळा म्हणजे इथून मला कुणी हलवू नये. एवढं सांगून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी वाढले ते नेमक्या उलट घरात. आम्ही वर्ध्याकडचे बौद्ध. लहानपणी आत्यानं माझ्या पायात काळा दोरा बांधला होता, तर शाळेतून आलेल्या बाबांनी चपला काढायच्या आधी शिलाई मशीनच्या खणातून कात्री काढली आणि तो कापला. गंडे, दोरे, लिंबू, बिबा यातलं काही आमच्या घरात शिरलं नाही. ते दोरे ज्यांनी बांधले त्यांनीच आम्हाला गावाबाहेर ठेवलं होतं, म्हणून कापण्यातच आमची सुटका होती. लुएलाबाईंच्या लोकांनी सुटकेसाठी बांधले. हे मला आज लिहिता येतंय. तेव्हा मला एवढंच वाटायचं की बाई गोड आहेत, पण बिचाऱ्या अडाणी आहेत. लॅबमध्ये जेवताना मी त्यांचे किस्से रंगवून सांगायचे. गंधकाचा किस्सा तर माझा हुकमी होता. ज्या बाई शाळेतून आल्यावर माझ्या मुलीला रोज संध्याकाळपर्यंत सांभाळत होत्या, त्यांच्यावर मी माझ्या टेबलाला हसवत होते.

मुलगी म्हणजे संघमित्रा, आमची मित्रा. आम्ही दोघं सात वाजेपर्यंत घरी यायचो नाही. ती बाईंकडे बसून अभ्यास करायची, पियानो वाजवायची, त्यांच्या हातचा मक्याचा पाव खायची. माझ्याशी मराठीत बोलायला कंटाळणारी ही मुलगी बाईंची मिसिसिपीची इंग्रजी मात्र हुबेहूब बोलायची. सातव्या चिनी महिन्यात पलीकडचे लिम अंकल पितरांसाठी कागद जाळायचे, तेव्हा बाई आणि मित्रा जरा अंतरावर मान खाली घालून उभ्या राहायच्या. लिम अंकल पण झाडूवाल्याला सांगायचे, ती लाल रेघ सोडून झाड. मी लगबगीनं धुरातून वाट काढत घरात शिरायचे.

मागच्या वर्षी मित्राची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा बाईंच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. किल्ली माझ्याकडे दिली, झाडांना पाणी घालायला. मी रोज कामावरून आल्यावर जायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिन्याच्या आणि कसल्याशा पालेभाजीच्या कुंड्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी झाकणाची एक काचेची बरणी. बरणीत माती.

सिंगापूरची माती तांबडी, आणि कुंड्यांत घालायला मिळते ती पिशवीतली, भुसभुशीत, मातीचा वास नसलेली. बरणीतली माती काळीभोर होती. मी झाकण उघडलं आणि वास घेतला. काय सांगू, आमच्या कपाशीच्या शेताचा वास होता तो, पऱ्हाटीच्या मुळाशी बसून खुरपताना येतो तो. बोटांत चोळली तर तशीच चिकट. मिसिसिपीतला बाईंचा भागही कपाशीचाच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. माझा कढीपत्ता.

हा कढीपत्ता मी दोन वर्षं जगवत होते. पानं पिवळी पडून गळत होती, आणि फोनवर बाबा म्हणायचे, त्याला आपली काळी माती पाहिजे, तुमच्या पिशवीतल्या भुशात तो काय जगणार. झाडांच्या शेजारी ठेवलेली माती झाडांसाठीच असणार. बाई कशालाही नाही म्हणायच्या नाहीत. नंतर सांगू म्हटलं. बरणी घरी आणली आणि सगळी, शेवटच्या चमच्यापर्यंत, कुंडीत मिसळली. तळाशी एक जुनं नाणं निघालं. मी क्षणभर थांबले. ज्या बाईंच्या घरात फुटक्या विटेलाही अर्थ होता, त्यांच्या मातीत नाणं विनाकारण असणार नाही, एवढं कळायला डॉक्टरेट लागत नाही. पण हात मातीनं भरलेले होते, कुकरची शिट्टी होत होती. मी नाणं धुऊन रिकाम्या बरणीत टाकलं, बरणी पुसून परत खिडकीत ठेवली आणि कुंडीला पाणी घातलं.

आठवड्याभरानं मी मित्राला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. मित्रा खाली ज्यूस आणायला गेली तेव्हा बाई मला म्हणाल्या, "सू, घरून एक वस्तू आणशील? खिडकीत झाडांजवळ एक बरणी आहे, मातीची."

"हो," मी म्हटलं. "कशाला हवी?"

"ती माझी आजी आहे."

मग त्यांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. आई लहानपणीच गेली, वाढवलं ते आजीनं. ती एका लाकडी चर्चमागे पुरलेली होती. पुढे चर्च विकलं गेलं, जागेवर गोदाम उभं राहायचं ठरलं, कबरींवर दगड नव्हते म्हणून कुणी विचारलंही नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाई तिथे गेल्या. कबरीशी बसून आजीशी बोलल्या, तिची परवानगी मागितली, आणि तिच्या छातीवरची माती घेतली. मोबदला म्हणून नाणं ठेवायचं असतं, ते ठेवलं, आणि त्याचं जोडीदार नाणं बरणीत घातलं. आता तिथे गोदाम आहे. आजीचं म्हणून जगात उरलं ते त्या बरणीत. "ही माती विचारून घ्यायची असते, बेबी. न विचारता घेतली तर ती तुझी होत नाही आणि तिचीही राहत नाही." आपण गेलो की ती आपल्या डोक्याखाली ठेवायची, एवढं त्यांनी भाच्याला बजावून ठेवलं होतं. म्हणजे तिकडे गेल्यावर आजी ओळखेल.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण डॉक्टरांनी बाहेर सांगितलं होतं की यांच्या मनावर ताण येईल असं काही बोलू नका, आणि मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. उद्या आणते, एवढं म्हणाले.

घरी आले आणि कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. आठवडाभर रोज पाणी घातलेली, पिशवीतल्या मातीत कालवलेली, मुळांनी धरलेली ती माती. मी चहाची गाळणी घेतली, चिमटा घेतला, चष्मा लावला. काळा दिसेल तो कण बाजूला, पिशवीतल्या मातीतला पांढरा दाणा दुसरीकडे. लॅबमध्ये मी पाण्याच्या थेंबात काय किती मिसळलंय ते सांगून पगार घेते. त्या दिवशी दोन तास बसून जेमतेम दोन चमचे ढेकळं निघाली, आणि तीही नक्की कोणती ते मला सांगता येईना. मग मी पिशवीतली माती कढईत भाजून काळपट केली, गाळली, त्यात ही ढेकळं कुस्करली आणि बरणी भरली. नाणं तळाशी घातलं. त्या बरणीत आजी किती आणि नर्सरी किती, हे मला आजही माहीत नाही. बाईंच्या साऱ्या जन्माच्या आधाराची मी माती केली होती, आणि आता ती झाकणात बंद करून त्यांच्या हातात नेऊन देत होते.

त्यांनी बरणी छातीशी धरली आणि तशीच झोपल्या. नर्सनं सांगितलं की त्या रात्री त्यांना पहिल्यांदा शांत झोप लागली.

बाई घरी आल्या तेव्हाही खरं सांगायला उशीर झाला नव्हता. कढीपत्त्याची कुंडीच उचलून त्यांच्या दारात नेली असती आणि सांगितलं असतं की बाई, चूक झाली, तुमची आजी हिच्यात आहे, तर त्या रडल्या असत्या, मला बोलल्या असत्या. कदाचित हसल्याही असत्या. कुंडी त्यांनी मिसिसिपीपर्यंत नेण्याची काहीतरी युक्ती काढली असती. पण मग मी न विचारता घेतली हे कळलं असतं, आणि भाजलेल्या मातीचं तर काय सांगणार होते? डॉक्टरांचं कारण संपल्यावर मी मित्राच्या परीक्षेचं कारण काढलं. तिला या दिवसांत त्रास नको. कढीपत्ता दरम्यान हिरवागार झाला. मी त्याचं एक पान तोडलं नाही, फोडणीला लिटल इंडियातून जुडी आणायचे. बाबांना फोनवर फोटो दाखवला तर ते खूश झाले, म्हणाले, माती सापडली वाटतं. मी विषय बदलला.

बाईंनी नोकरी सोडली आणि घरी परतायचं ठरवलं. निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, त्यांनी मला आणि मित्राला बोलावलं. घर रिकामं झालं होतं, टेबलावर फक्त ती बरणी, चमचा आणि लाल फ्लॅनेलची शिवलेली छोटी पिशवी. त्यांनी झाकण उघडलं आणि बरणी नाकाशी नेली. त्यांनी बराच वेळ वास घेतला. मग म्हणाल्या, "अजून तोच वास आहे."

नंतर त्यांनी चमच्यानं पिशवीत माती घालायला सुरुवात केली. चिमूटभर नाही, अर्धी बरणी. वरून लेंग्कुआसच्या मुळाचा एक तुकडा घातला, मित्राचं नाव लिहिलेला कागद घडी करून घातला, ओठांतल्या ओठांत बायबलमधलं काही म्हणत तोंड शिवलं. मित्राच्या परीक्षेसाठी, आणि पुढे जन्मभर तिच्या पाठीशी कुणी असावं म्हणून. मित्रा सिंगापुरी ढंगात म्हणाली, "मिस लुएला, टू मच ला, दॅट्स युअर ग्रँडमा." त्या म्हणाल्या, आजी वाटल्यानं कमी होत नाही.

पिशवी त्यांनी माझ्यापुढे धरली. पोर मोठी होईस्तोवर आईनं सांभाळायची असते. मी म्हणाले, "लुएला, थांबा. मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "घेताना बोलायचं नसतं. बोललं की त्यातला जीव जातो."

बाबांच्या मुलीनं आयुष्यात असला एकही नियम पाळला नव्हता. तो एक मात्र मी तंतोतंत पाळला. दोन्ही हात पुढे केले आणि तोंडाला कुलूप लावून, मीच कढईत भाजलेली माती त्यांच्याकडून आशीर्वाद म्हणून घेतली. त्यानंतरच्या दोन दिवसांत बोलायला कुणी मनाई केली नव्हती. तरी मी मूग गिळून बसले.

मित्राचा निकाल चांगला लागला. पिशवी तिच्या टेबलाच्या खणात असते. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी बाईंच्या भाच्याचा मेसेज आला. बाई झोपेतच गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे बरणीतली माती डोक्याखाली ठेवली. शेवटी त्यानं लिहिलं होतं की तुम्ही आमच्या पणजीला इतकं जपलंत, आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत. मी आधी दोनदा लिहून खोडलं आणि मग हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हे सगळं आता मराठीत लिहितेय, म्हणजे त्या घरातलं कुणी वाचणार नाही. हीसुद्धा पळवाटच आहे, मला कळतं.

त्या सिंगापूर सोडून गेल्या तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. ब्लॉकखाली टॅक्सी उभी होती, लिम अंकल दोन्ही बॅगा डिकीत ठेवून घाम पुसत होते. बाई मागच्या सीटवर बसल्या. बरणी त्यांनी बॅगेत घातली नव्हती, मांडीवर घेतली होती, आणि सीटबेल्ट लावताना तो पट्टा तिच्यावरून नीट ओढून घेतला. टॅक्सी हलली. वळणावर काच खाली झाली, आणि त्यांनी बरणी दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरून डावी-उजवीकडे हळूहळू हलवली. "ग्रँडमा इज वेव्हिंग," मित्रा म्हणाली आणि जोरजोरात हात हलवू लागली. मीही हलवला.